पगारपत्रकातला एक रकाना

जालना जिल्ह्यातल्या भोकरदन किंवा मंठा तालुक्यातल्या एखाद्या जिल्हा परिषद शाळेचं महिन्याचं पगार बिल घ्या. हल्ली ते शालार्थ प्रणालीतून निघतं. शाळेत समजा दोन शिक्षक आहेत. एक गुरुजी 1999 साली लागलेले, दुसरे 2008 साली. दोघांची मुलं त्याच गावातली, दोघांच्या डोक्यावर तोच पोषण आहाराचा हिशेब, तीच मतदारयाद्यांची कामं, तीच ऑनलाइन माहिती. बेसिक, महागाई भत्ता, घरभाडं हे रकाने दोघांचे सारखेच. फरक कपातीच्या बाजूला दिसतो. पहिल्या गुरुजींपुढे लिहिलेलं असतं जीपीएफ, दुसऱ्यांपुढे एनपीएस. काही वर्षांपूर्वीची बिलं काढली तर तिथे डीसीपीएस दिसेल.

जीपीएफ म्हणजे भविष्य निर्वाह निधी. तो शिक्षकाची स्वतःची बचत असतो. मूळ पगाराच्या निदान सहा टक्के कापायचे, वाटलं तर जास्त कापून घ्यायचे. मुलीचं लग्न निघालं, घराचा स्लॅब टाकायचा झाला की त्यातून पैसे काढता येतात. शिवाय निवृत्तीनंतर मिळणाऱ्या पेन्शनचा या कपातीशी काही संबंध नाही. ती वेगळी आणि सरकारी तिजोरीतून मिळते.

दुसऱ्या गुरुजींची कपात निराळी. मूळ पगार अधिक महागाई भत्ता यांच्या 10 टक्के रक्कम जाते. कमी नाही, जास्त नाही आणि विचारून तर नाहीच. सरकार त्यात आपला वाटा घालतं. हा वाटा आधी 10 टक्के होता, 1 एप्रिल 2019 पासून 14 टक्के झाला. प्राथमिक शिक्षकाचा सातव्या वेतन आयोगातला सुरुवातीचा मूळ पगार 29,200 रुपये. महागाई भत्ता 50 टक्के धरला तर बेरीज 43,800. त्यातून शिक्षकाचे 4,380 गेले, सरकारचे 6,132 आले. ही रक्कम बाजारात गुंतवली जाते आणि म्हातारपणी जे काही मिळायचं ते यातून मिळायचं. किती मिळेल हे रुजू होताना कुणी सांगू शकत नाही.

शिक्षकांच्या हरकतीबद्दल बोलताना लोक सहसा कपातीवर बोट ठेवतात. दहा टक्के कापले म्हणून एवढी ओरड? खासगी कंपनीतल्या माणसाचा पीएफ कापला जात नाही का? प्रश्न रास्त आहे. पण शिक्षकाचं दुखणं दहा टक्क्यांचं नाही. पन्नाशी उलटल्यावर बाजार कोसळला, व्याजदर उतरले किंवा माणूस नव्वदीपर्यंत जगला, तर त्याचा बोजा कुणाच्या माथी, हा प्रश्न आहे. 1999 च्या गुरुजींच्या बाबतीत तो सरकारच्या माथी. 2008 च्या गुरुजींच्या बाबतीत त्यांच्या स्वतःच्या.

जुन्या पेन्शनचा हिशेब ढोबळपणे असा. महाराष्ट्र नागरी सेवा निवृत्तिवेतन नियम 1982 सालचे. किमान दहा वर्षं सेवा हवी. पुरेशी सेवा झाली की शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी रक्कम दरमहा आणि तिच्यावर महागाई भत्ता. शिक्षक वारला तर पत्नीला किंवा पतीला कुटुंब निवृत्तिवेतन. हवं असेल तर पेन्शनचा काही भाग आधीच एकरकमी उचलता येतो; त्याला सगळे ‘पेन्शन विकणं’ म्हणतात, सरकारी कागदावर ते अंशराशीकरण असतं. यासाठी कुठे पैशांची पेटी भरून ठेवलेली नसते. यंदाच्या महसुलातून यंदाच्या पेन्शनरांना द्यायचं, पुढच्यांचं पुढच्या महसुलातून. अर्थतज्ज्ञांना याच गोष्टीची धास्ती वाटते आणि शिक्षकाला याच गोष्टीचा भरवसा वाटतो.

त्या भरवशाला कायद्याचं पाठबळही मिळालेलं होतं. 17 डिसेंबर 1982 रोजी सर्वोच्च न्यायालयाने डी. एस. नाकरा खटल्याचा निकाल दिला. घटनापीठाचे प्रमुख होते सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड, निकालपत्र लिहिलं न्यायमूर्ती डी. ए. देसाई यांनी. पेन्शन ही सरकारची मेहेरबानी नव्हे, आधी केलेल्या सेवेचा तो मोबदला आहे, असं त्यात ठरलं. देशभरचे पेन्शनर 17 डिसेंबर हा आपला दिवस म्हणून पाळतात. हे सगळं खरं, पण आधीपासून नोकरीत असलेल्यांपुरतं. उद्या जो नोकरीला लागणार आहे त्याला कोणती पेन्शन द्यायची, याचं स्वातंत्र्य सरकारकडे राहिलंच. पुढचं सगळं महाभारत त्या फटीतून घडलं.

ते सांगण्याआधी जरा मागे जायला हवं, कारण जालन्यासारख्या जिल्ह्यात शिक्षकाच्या पगाराचे आणि पेन्शनचे नियम बदलण्याची ही पहिली खेप नाही. सप्टेंबर 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानचा रुपया वेगळा. त्याला हाली सिक्का म्हणत, ब्रिटिश हिंदुस्थानच्या रुपयाला कलदार. सात हाली दिले की सहा कलदार मिळत. विलीनीकरणानंतर काही वर्षं दोन्ही नाणी शेजारीशेजारी चालली. मग 1 नोव्हेंबर 1956 रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. हैदराबाद सरकारच्या नोकरीतली माणसं एका रात्रीत दुसऱ्या सरकारची नोकर झाली.

राज्य पुनर्रचना कायदा करणाऱ्यांनी तेव्हा एक शहाणपण केलं होतं. त्या कायद्याच्या 115 व्या कलमात तरतूद आहे की अशा बदललेल्या नोकरांच्या सेवाशर्ती त्यांचं नुकसान होईल अशा रीतीने, केंद्र सरकारच्या पूर्वसंमतीशिवाय, बदलता येणार नाहीत. राज्य बदललं, भाषा बदलली, कचेरीतली उर्दू जाऊन मराठी आली. नोकरीच्या अटींना मात्र कुंपण घातलेलं होतं.

खासगी अनुदानित हायस्कुलांची कथा वेगळी आणि माझ्या मते जास्त बोलकी. या शाळांमधल्या शिक्षकांना सुरुवातीला पेन्शन नव्हतीच. अंशदायी भविष्य निर्वाह निधी होता. शिक्षकाने भरायचं, त्यात वरून भर पडायची, निवृत्तीच्या दिवशी सगळी रक्कम हातात घेऊन घरी जायचं. ती रक्कम मुलांच्या शिक्षणात, घराच्या बांधकामात, कधी भावाच्या कर्जात विरून जायची आणि मास्तर म्हातारपणी शिकवण्या घेत बसायचे. सरकारी शाळांसारखी पेन्शन आम्हालाही द्या, ही मागणी तिथून आली. महाराष्ट्र सरकारने 4 नोव्हेंबर 1968 च्या निर्णयाने ती मान्य केली आणि 1 एप्रिल 1966 पासून पेन्शन लागू केली. म्हणजे अंशदानाची योजना एकदा वापरून, तिचे चटके सोसून, शिक्षकांनी ती नको म्हटली होती. सरकारलाही ते पटलं होतं. नंतर सदतीस वर्षांनी तेच अंशदान आधुनिक सुधारणा म्हणून परत आलं.

लढून मिळवण्याची आठवणही या पिढीकडे होती. 14 डिसेंबर 1977 ते 5 फेब्रुवारी 1978 असा 54 दिवसांचा संप महाराष्ट्रातल्या सरकारी कर्मचाऱ्यांनी आणि शिक्षकांनी केला. र. ग. कर्णिक त्याचे नेते. मुख्य मागणी केंद्राप्रमाणे महागाई भत्त्याची. आज पेन्शनरांच्या खात्यात महागाई भत्त्याची वाढ आपोआप जमा होते, तेव्हा तिच्यामागे ते 54 दिवस उभे असतात. नव्या योजनेत पहिला घाव नेमका याच भत्त्यावर पडला.

आता 1 मे 1981 या तारखेकडे येऊ. त्या दिवशी औरंगाबाद आणि परभणी जिल्ह्यांचे तुकडे जोडून जालना हा नवा जिल्हा झाला. त्याच दिवशी पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, चिली देशात, पेन्शनची नवी व्यवस्था सुरू झाली. जनरल पिनोशे यांची लष्करी राजवट होती. कामगारमंत्री असताना होसे पिन्येरा यांनी आखलेल्या या योजनेने कामगार दिनाचा मुहूर्त धरून नव्या कामगारांसाठी सरकारी पेन्शनच्या जागी प्रत्येकाच्या नावाचं खातं आणलं. पगाराच्या दहा टक्के त्या खात्यात, पैसे गुंतवणार खासगी कंपन्या. जगभरच्या अर्थखात्यांनी या प्रयोगाचे पाढे म्हटले आणि वैयक्तिक खात्याची ही कल्पना पुढे देशोदेशी पसरली. चिलीच्या सैन्याला मात्र ती योजना लागू नव्हती. ज्यांनी बंदुकीच्या धाकाने ती आणली ते स्वतः जुन्या पेन्शनमध्येच राहिले.

चिलीच्या शिक्षकांवर तर दुहेरी घाव पडला. त्याच सुमारास सरकारने शाळा नगरपालिकांकडे सोपवल्या. शिक्षकांना जी पगारवाढ मंजूर झाली होती ती नगरपालिकांनी दिलीच नाही. पगार कमी म्हणून कपात कमी, कपात कमी म्हणून पेन्शन कमी. या थकबाकीला तिथे ‘ऐतिहासिक कर्ज’ म्हणतात आणि त्यासाठी पांढऱ्या केसांच्या शिक्षिका पुढची चार दशकं मोर्चे काढत राहिल्या. आपल्याकडच्या विनाअनुदानित शाळेतल्या कुणालाही ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

भारतात केंद्र सरकारने 1 जानेवारी 2004 पासून नव्या भरतीसाठी नवी पेन्शन योजना आणली. इथेही सैन्यदलं वगळली. पश्चिम बंगाल सोडला तर बहुतेक राज्यं पाठोपाठ गेली. महाराष्ट्राचा शासन निर्णय निघाला 31 ऑक्टोबर 2005 रोजी. अंमल दुसऱ्या दिवसापासून. 1 नोव्हेंबर 2005 ला लक्ष्मीपूजन होतं. शाळांना दिवाळीची सुट्टी, मास्तर गावी, आणि 1 नोव्हेंबरला किंवा त्यानंतर नोकरीला लागणाऱ्या प्रत्येकाची पेन्शन बंद. तिच्या जागी ‘परिभाषित अंशदान निवृत्तिवेतन योजना’, म्हणजेच डीसीपीएस.

आज आश्चर्य वाटेल, पण तेव्हा फारसं काही घडलं नाही. कारण उघड आहे. ज्यांचं नुकसान होणार होतं ती माणसं अजून नोकरीत आलीच नव्हती. कुणी डी.एड. कॉलेजात पाठ घेत होतं, कुणी बारावीला होतं. संघटनांचे पदाधिकारी आणि सभासद सगळे कुंपणाच्या आतले. त्यांच्या पेन्शनला धक्का नव्हता. निषेधाची पत्रकं निघाली असतील, पण 54 दिवसांच्या संपाचा वारसा सांगणाऱ्या चळवळीने या निर्णयासाठी शाळेला कुलूप लावलं नाही. हे कुणाला कडू वाटेल, तरी म्हटलं पाहिजे. गैरहजर माणसाचं नुकसान करणं कोणत्याही सरकारला सोपं जातं, आणि हजर माणसं ते पाहून गप्प राहतात.

हे फक्त आपल्याकडेच घडलं असं नाही. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात 2011 साली गव्हर्नर स्कॉट वॉकर यांनी शिक्षकांना पेन्शनसाठी पगारातून वाटा भरायला लावला आणि त्यांच्या संघटनांचे सामुदायिक वाटाघाटीचे अधिकार छाटले. पोलीस आणि अग्निशामक दल वगळलं. इंग्लंडमध्ये त्याच वर्षी 30 नोव्हेंबरला शिक्षकांसह सरकारी नोकरांचा मोठा संप झाला. कपात वाढवली, पेन्शनचं सूत्र बदललं, पण निवृत्तीच्या जवळ आलेल्यांना जुन्याच नियमात ठेवलं. 2018 मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने न्यायाधीशांच्या आणि अग्निशामकांच्या पेन्शन योजनांतली अशीच सवलत वयावरून केलेला भेदभाव ठरवली आणि सरकारला शिक्षकांसह सगळ्यांच्याच योजनांचे हिशेब नव्याने मांडावे लागले. काहींना कुंपणात ठेवून बाकीच्यांवर बदल लादायचा, ही युक्ती सगळीकडे एकच आहे.

आमच्याकडे तर कुंपणाच्या आत आणखीही कुणी होतं. महाराष्ट्रातल्या माजी आमदाराला, एकदाच निवडून आला असला तरी, तहहयात पेन्शन मिळते. 2016 पासून ती दरमहा 50,000 रुपये झाली. पेन्शनच्या कोणत्याही मोर्चात हा आकडा आल्याशिवाय भाषण संपत नाही, आणि त्याला उत्तर देताना मंत्र्यांनाही विषय बदलावा लागतो.

योजना जाहीर झाली, पण हिशेब कोण ठेवणार? डीसीपीएसची सगळ्यात वाईट बाजू इथे आहे आणि ती अर्थशास्त्राच्या पुस्तकात सापडत नाही, पंचायत समितीच्या कपाटात सापडते. नव्याने लागणारे बहुतेक प्राथमिक शिक्षक आधी तीन वर्षं शिक्षणसेवक. 2000 साली ही पद्धत आली तेव्हा प्राथमिकच्या शिक्षणसेवकाला 3,000 रुपये मानधन होतं. ते पगारात मोडत नसल्याने त्या काळात पेन्शनसाठी काही साठलं नाही. नियमित झाल्यावर कपात सुरू व्हायची, तीही प्रत्येक ठिकाणी वेळेवर झाली नाही. कुठे खाते क्रमांकच आला नाही, कुठे बदलीनंतर जुन्या तालुक्यातली कपात नव्या तालुक्यात दिसेना. दरवर्षी मिळायची ती हिशोब चिठ्ठी: तुमचे इतके, शासनाचे इतके, व्याज इतकं. वर्षानुवर्षं ही चिठ्ठी न मिळणं हे जिल्हा परिषद शिक्षकांच्या निवेदनांतलं कायमचं कलम होऊन बसलं. कापलेला पैसा गेला कुठे, याचं उत्तर क्लार्ककडे नाही, आणि क्लार्कनेही ते द्यायचं कशाच्या आधारावर? तो स्वतःही बहुधा डीसीपीएसवालाच.

राज्याने आपल्या कर्मचाऱ्यांची खाती 1 एप्रिल 2015 पासून राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत, म्हणजे एनपीएसमध्ये वळवली. जिल्हा परिषदा आणि खासगी अनुदानित शाळांचं गाडं त्यानंतरही काही वर्षं अडलेलं होतं. मग एनपीएसचे फॉर्म आले, बारा अंकी प्रान नंबर आले. अनेक शिक्षकांनी फॉर्म भरायला नकार दिला. आधीच्या कपातीचा हिशेब द्या, मग नव्या खात्याचं बोला, अशी त्यांची अट होती. वेतन पथकाने, ज्याला शिक्षक ‘पे युनिट’ म्हणतात, फॉर्मसाठी तगादा लावायचा आणि शिक्षकांनी चिठ्ठ्या मागायच्या, असा खेळ चालला. बाहेरून पाहणाऱ्याला हा आडमुठेपणा वाटे. मला तो साधा व्यवहार वाटतो. आपल्या गावातला दुकानदारसुद्धा मागची उधारी लिहिलेली वही दाखवल्याशिवाय नवी वही उघडत नाही.

दुसरी गोष्ट मृत्यूची. जुन्या योजनेत शिक्षक सेवेत असताना वारला तर घरच्यांना पेन्शन मिळे. डीसीपीएसमध्ये खात्यातले जमा पैसे मिळत, बस. पाच-सात वर्षं नोकरी झालेला शिक्षक मोटारसायकलच्या अपघातात गेला की त्याच्या पत्नीच्या हाती काय येणार? ही गोष्ट सरकारच्या गळी उतरायला तेरा वर्षं लागली. 2018 मध्ये दहा वर्षांच्या आत मृत्यू झाल्यास 10 लाख रुपये सानुग्रह देण्याचा निर्णय झाला. कुटुंब निवृत्तिवेतन आणि ग्रॅच्युइटी एनपीएसवाल्या राज्य कर्मचाऱ्यांना मिळाली ती 31 मार्च 2023 च्या निर्णयाने. मधल्या सतरा वर्षांत ज्या घरांतली माणसं गेली, त्यांच्यासाठी शिक्षक आपसात वर्गणी काढत होते.

तिसरा प्रकार सगळ्यात गुंतागुंतीचा. एखादा शिक्षक 2002 साली रीतसर मान्यता घेऊन शाळेत लागला, पण शाळेला शंभर टक्के अनुदान मिळालं 2005 नंतर. त्याची पेन्शन कोणती? तो म्हणतो, माझी नेमणूक 1 नोव्हेंबर 2005 च्या आधीची, मला जुनी पेन्शन. सरकार म्हणतं, पूर्ण अनुदान आलं तो दिवस धरायचा. प्रकरणं उच्च न्यायालयात गेली. त्यातच 10 जुलै 2020 रोजी, कोरोनाने शाळा बंद असताना, शालेय शिक्षण विभागाने एक मसुदा अधिसूचना काढली. खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या 1981 च्या सेवाशर्ती नियमावलीत पूर्वलक्षी बदल करून शंभर टक्के अनुदानाची अट आतच घालून टाकायचा तो प्रयत्न होता. नियमाप्रमाणे हरकती मागवल्या. मोर्चा काढता येत नव्हता, तेव्हा शिक्षकांनी हरकतींचा पाऊस पाडला. जिल्ह्याजिल्ह्यांतून एकच मजकूर, खाली वेगवेगळ्या सह्या. शेवटी ती अधिसूचना मागे घ्यावी लागली. कागदाला कागदाने दिलेलं हे उत्तर या सगळ्या लढ्यातलं मला सर्वांत नेटकं वाटतं.

आता आकड्यांकडे, कारण मोबाइलवर फिरणारे आकडे दोन्ही बाजूंनी अर्धवट असतात. एनपीएसमध्ये निवृत्तीच्या वेळी साठलेल्या रकमेपैकी 60 टक्के हातात घेता येते, 40 टक्क्यांची विमा कंपनीकडून वार्षिकी घ्यावी लागते. समजा वीस वर्षं नोकरी झालेल्या शिक्षकाच्या खात्यात 30 लाख जमले. 40 टक्के म्हणजे 12 लाख. सहा टक्के दर धरला तर वर्षाला 72,000, महिन्याला 6,000. त्याचा शेवटचा मूळ पगार 60,000 असेल तर जुन्या योजनेत 30,000 पेन्शन आणि 50 टक्के महागाई भत्ता धरून 45,000. मोर्चातला फलक इथेच थांबतो: 45,000 विरुद्ध 6,000.

पण हातात आलेले 18 लाख? ते बँकेत सात टक्क्यांनी ठेवले तर महिन्याला 10,500 येतात. म्हणजे बेरीज 16,500, आणि मुद्दल वारसांना राहतं. फलकावरचा आकडा म्हणून अर्धवट. मात्र सरकारी बाजूचा हिशेबही इथेच थांबतो आणि तोही अर्धवटच. जुन्या पेन्शनवर दर सहा महिन्यांनी महागाई भत्ता वाढतो, नवा वेतन आयोग आला की पेन्शनही नव्याने ठरते. वार्षिकीचे 6,000 मात्र निवृत्तीच्या पहिल्या महिन्यातही 6,000 आणि पंचवीस वर्षांनीही 6,000. जालन्यासारख्या ठिकाणी पाचेक वर्षांत दवाखान्याचं बिल किती वाढतं, हे घरात म्हातारं माणूस असणाऱ्याला विचारा. शिवाय ज्यांची जमा अगदीच थोडी, त्यांना सगळीच रक्कम काढून घेता येते. 2021 मध्ये ही मर्यादा 5 लाखांपर्यंत नेली. असा शिक्षक म्हणजे पुन्हा 1966 पूर्वीचा हायस्कूल मास्तर: एकरकमी पैसे घेतले आणि घरी गेला.

डिसेंबर 2022 मध्ये नागपूर अधिवेशनात तेव्हाचे उपमुख्यमंत्री आणि अर्थमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सांगितलं की जुनी पेन्शन आणली तर 1 लाख 10 हजार कोटींचा बोजा पडेल आणि राज्य दिवाळखोरीत जाईल. पुढच्याच महिन्यात, 30 जानेवारी 2023 ला, विधान परिषदेच्या शिक्षक मतदारसंघांचं मतदान होतं. औरंगाबाद शिक्षक मतदारसंघात जालन्यासह मराठवाड्याचे आठही जिल्हे येतात. प्रचारात दुसरा विषयच नव्हता आणि सरकारचा सूरही मवाळ झाला. निकालात औरंगाबादमध्ये राष्ट्रवादीचे विक्रम काळे पुन्हा आले, नागपुरात भाजपने पाठिंबा दिलेले नागो गाणार पडले. राजस्थान, छत्तीसगड, पंजाब, हिमाचल या राज्यांनी तोवर जुनी पेन्शन परत आणण्याचं जाहीर केलेलं होतं. ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ लिहिलेल्या टोप्या गावोगाव दिसू लागल्या.

14 मार्च 2023 पासून बेमुदत संप झाला. दहावी-बारावीच्या परीक्षा चालू होत्या. विश्वास काटकर कर्मचारी संघटनांच्या समन्वय समितीचे निमंत्रक. या वेळी कुंपणाच्या आतलेही मोठ्या संख्येने उतरले. 2005 ला राहून गेलेलं काम अठरा वर्षांनी झालं म्हणायचं. पण नेमक्या त्याच आठवड्यात मराठवाड्यात अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली. काढणीला आलेला गहू आडवा, हरभरा भिजलेला, आणि पंचनामा करणारे कर्मचारी संपावर. शेतकऱ्याचा संताप समजण्यासारखा होता: ज्याला पेन्शन हा शब्द कधी लागूच झाला नाही, त्याने पेन्शनच्या संपाची किंमत का मोजायची? कोल्हापुरात बेरोजगार तरुणांनी तर अर्ध्या पगारावर, पेन्शनशिवाय काम करतो, आम्हाला नोकऱ्या द्या, असं म्हणत मोर्चा काढला. शिक्षक संघटनांकडे याला चांगलं उत्तर नव्हतं आणि अजूनही फारसं नाही. शिक्षकाचा भाऊ शेतकरी असतो, पोरगा स्पर्धा परीक्षेला बसलेला असतो. हा वाद गावात नव्हे, घरात झाला.

20 मार्चला मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्याशी चर्चेनंतर संप मागे घेतला गेला. सुबोधकुमार, के. पी. बक्षी आणि सुधीरकुमार श्रीवास्तव या निवृत्त सनदी अधिकाऱ्यांची समिती नेमलेली होती. तिला तीन महिने दिले होते, लागले त्याहून बरेच जास्त. मग निर्णय तुकड्यातुकड्यांनी आले. फेब्रुवारी 2024 मध्ये, ज्यांच्या भरतीची जाहिरात 1 नोव्हेंबर 2005 च्या आधीची पण रुजू तारीख नंतरची, अशांना जुन्या पेन्शनचा पर्याय मिळाला. राज्य सेवेतले सुमारे 26,000 लोक त्यात बसतात असं सांगितलं गेलं. मार्च 2024 मध्ये सुधारित एनपीएस जाहीर झाली: शेवटच्या पगाराच्या 50 टक्के, त्यावर महागाई वाढ, आणि कुटुंबाला पेन्शनच्या 60 टक्के. 25 ऑगस्ट 2024 ला केंद्राची एकीकृत पेन्शन योजना स्वीकारण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला. केंद्राने ती आदल्याच दिवशी मंजूर केली होती.

म्हणजे ठरावीक पेन्शनची हमी परत आली, कपात मात्र राहिली. जोखमीचा मोठा भाग सरकारने पुन्हा अंगावर घेतला, याला कमी लेखू नये. मोर्चे निघाले नसते तर तेही झालं नसतं. पण 1999 चे गुरुजी दहा टक्के न भरता जे मिळवतात त्यासाठी 2008 च्या गुरुजींनी तीस वर्षं भरत राहायचं, ही हरकत शिल्लक आहे. पर्याय कोणता निवडावा यावर केंद्रप्रमुखांच्या बैठकीपासून शिक्षक पतसंस्थेच्या सभेपर्यंत खल चालतो, कारण एकदा सही झाली की मागे फिरता येत नाही.

या सगळ्या पर्यायांच्या यादीत ज्यांचं नाव धड कुठेच बसत नाही, ते अंशतः अनुदानित शाळांमधले शिक्षक. ‘कायम विनाअनुदानित’ धोरण 2001 चं, त्यातला ‘कायम’ 2009 मध्ये गळला, 20 टक्के अनुदानाचा निर्णय झाला सप्टेंबर 2016 मध्ये. त्यानंतर महिन्याभरातच, 4 ऑक्टोबरला, औरंगाबादला मंत्रिमंडळाची बैठक असताना विनाअनुदानित शिक्षकांच्या मोर्चावर लाठीमार झाला. मग 40, 60 असे टप्पे, आणि प्रत्येक टप्प्यासाठी आझाद मैदानावर आंदोलन. जुलै 2025 मध्येही ते होतंच. त्यांच्यातले काहीजण पंचविशीत लागले आणि आता पन्नाशीत आहेत. शाळा शंभर टक्के अनुदानावर येईल तेव्हा त्यांची कपात सुरू होईल आणि निवृत्तीचं वय 58 आहे.